तीट कोणी पुसली

वनिता,

तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी, घर पाहुण्यांनी भरलेलं असताना, मी पहिलं काय केलं असेल तर तुझी शिवणाची पिशवी तपासली. बघणाऱ्यांना वाटलं, धाकट्या जावेच्या आठवणीने बिचारी पिशवी उराशी धरून बसली आहे. शेजारच्या काकूंनी तर पाठीवरून हात फिरवला. मी रडत होते हे खरं, पण रडता रडता चेन उघडून आत काय आहे ते बघत होते हेही खरं. खडूचे दोन तुकडे, बॉबिनची डबी, इलॅस्टिकची गुंडाळी, लिमलेटच्या गोळ्यांची पुडी. मला हवं होतं ते काही सापडलं नाही. चिठ्ठी वगैरे तू लिहिणारी नव्हतीस, तरी शोधलं. मला एवढंच जाणून घ्यायचं होतं की त्या दिवशी मी माझ्या आईशी जे बोलले, ते तू ऐकलं होतंस की नाही.

माझा स्वभाव तुला काय सांगायचा! दूधवाल्याचं माप, शिंप्याने परत दिलेलं उरलेलं कापड, नवऱ्याचं उगाच खाकरणं, सगळ्याकडे मी दोनदा बघते. माहेरी वैशाखऱ्याला आमचं घर घाटाच्या रस्त्याला लागून. कुठलीही गाडी दाराशी थांबायची, कोणीही पाणी मागायला यायचं, आणि आई आधी माणसाच्या हातांकडे बघायची, मग तांब्या भरायची. ते बघतच वाढले मी. तू शेणव्याला आमच्या घरात सून म्हणून आलीस ती शिलाई मशीन बरोबर घेऊन, तेव्हाही माझ्या मनात पाल चुकचुकलीच. घरात माझी एक मशीन असताना हिला दुसरी कशाला? हिला वेगळी चूल मांडायची असणार!

वेगळी चूल तर सोडच, तू आठवड्याभरात तुझी मशीन माझ्या मशीनसमोर आणून लावलीस. तोंडाला तोंड येईल अशी. "ताई, गप्पा मारत काम उरकतं गो," म्हणालीस. मी म्हटलं, चला, नजरेसमोर तरी राहील.

लहान मुलांचे नाइट सूट शिवायचं डोकंही तुझंच. उल्हासनगरहून किलोवर मिळणारं होजिअरीचं कापड आणायचं, त्यात कुठे डाग, कुठे छपाई सरकलेली, हत्तीला सोंड आहे तर डोळा नाही. मी खडूने आखून कापायची, तू शिवायचीस, आणि मुरबाडच्या नाहीतर शहापूरच्या बाजारात आपण प्लास्टिकवर मांडून बसायचो. स्वस्तातला माल. मजुरीला जाणाऱ्या बायाही उभ्या राहून हात लावून बघतील असा. कापताना सगळे डाग बगलेत नाहीतर पायांच्या आतल्या बाजूला कसे न्यायचे, ते मला जमायचं. तू म्हणायचीस, "ताईची नजर डागावरच पहिली जाते, म्हणून जमतं." तेव्हा मी हसले होते. नंतर रात्रंदिवस त्या वाक्याचा मी कीस काढला. हे कौतुक होतं की टोमणा?

आपलं ते पॅन्टच्या दुमडीचं भांडण तसंच राहिलं बघ. मी अर्ध्या इंचाची दुमड आखून द्यायचे, तू खाली दोन बोटं कापड जास्त दुमडून शिवायचीस. माझ्या ते लक्षात आलं तेव्हा तीन बाजार होऊन गेले होते.

"एवढं कापड खाली कशाला कोंबतेस?"

"पोरगं वाढतं ना, ताई. आई उसवंल आनि अजून एक वरीस घालंल."

"मग पुढच्या वर्षी आपल्याकडनं घेईल कोण? तुझा भाऊ?"

"त्येच्या धाकट्या भावाला घेतील की."

मला वाटलं, ही एक तर भोळी आहे नाहीतर बाजारात नाव कमवून उद्या स्वतःचं दुकान टाकणार आहे. भोळी माणसं मी फारशी बघितलेली नाहीत, म्हणून दुसरं खरं धरलं. आणि तुझ्या हाताखालून येणारा प्रत्येक सूट उलटा करून बघायला लागले. तू तरी कमी होतीस का, मी दुमड उसवून दिली की निमूटपणे पुन्हा शिवायचीस, आणि एक बोट तरी जास्त ठेवायचीसच.

मग तुझ्या भावाने त्याचा जुना फोन तुला दिला आणि आपल्या घरात सणांचे फोटो सुरू झाले. बदलापूरचा एक दुकानदार फोटो बघून माल मागवतो, असं कुणीतरी तुझ्या कानावर घातलं होतं. तू जमिनीवर निळी साडी अंथरायचीस, ते आभाळ. उशीतला कापूस काढून ढग करायचीस. माझ्या गौरीला, तेव्हा चार वर्षांची होती ती, नवीन सूट घालून त्या आभाळावर निजवायचीस, आणि स्वतः माळ्याच्या शिडीवर चढून वरून फोटो काढायचीस. दिवाळीला पितळी परात तिच्या डोक्यामागे ठेवलीस, तो चंद्र. संक्रांतीला तिच्या पोटाखाली पतंग ठेवलास, तर खरंच पोरगी पतंगावर बसून उडाल्यासारखी दिसली. नाताळला दुकानदाराने लाल सूट मागितले तेव्हा माझ्या लग्नातली उशी फोडून तू शेणव्यात बर्फ पाडलास! घामाने गौरीच्या मानेला कापूस चिकटला होता आणि ती "थंडी वाजते" असं नाटक करत दात वाजवत होती. हे आठवलं की आत्ताही मला हसू येतं.

पण तेव्हा मी हसत नव्हते. मी शिडी धरून उभी असायचे आणि तुझ्याकडे बघत असायचे. तुझ्या लग्नाला सात वर्षं झाली होती. दवाखाने झाले होते, आणि मग तू ते बोलणं बंद केलं होतंस. गौरीला निजवताना तू तिची बट कानामागे सारायचीस, सुरकुती पडली म्हणून बाही ओढायचीस, पुन्हा बट सारायचीस. एका फोटोला किती वेळ लागतो? मी मनात म्हणायचे, आता पुरे. म्हणून दर फोटोआधी मी गौरीच्या गालावर काजळाची तीट लावायला लागले. चांगली ठसठशीत, हरभऱ्याएवढी. घरातल्या पोरांना तीट लावतातच. फक्त फोटोच्या वेळी का, हे तुला कळलं असणार, असं मला आज वाटतं.

आणि पहिल्याच फोटोंत, त्या दिवाळीच्या, तीट नव्हती.

तू कौतुकाने फोन माझ्यासमोर धरलास. परातीचा चंद्र, निळं आभाळ, माझी पोर डोळे मिटून हसतेय, आणि गाल कोरा. मी उठून गौरीचा गाल बघितला. तिथे तीट होती.

"तीट का काढलीस?"

"मी नाय काढली, ताई. फोननं खाल्ली."

"फोनला काय हात हायत?"

"थांबा, परत एक काढून दावते."

मी थांबले नाही. पोरीला उचललं आणि आत गेले. त्या संध्याकाळी गौरीला ताप भरला. आता मी सांगू शकते की तेव्हा गावात सगळ्याच पोरांना ताप होता, समोरच्या घरात दोघं आडवे होते. पण संशयाला एकदा धागा सापडला की तो बाकीचं बघत नाही. मी मीठमोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. त्या तडतडल्या नाहीत, तर त्याचाही मी तुझ्याविरुद्ध अर्थ काढला.

दुसऱ्या दिवशी वैशाखऱ्याहून आई आली, नातीला बघायला. आम्ही ओटीवर बसलो होतो. आत तुझी मशीन चालू होती. आईने विचारलं, कसला ताप, आणि मी बोलले. जे बोलले ते इथे लिहिते, कारण आता आडपडदा ठेवून उपयोग नाही. मी म्हणाले, "तिला सोताचं पोर नाय, म्हणून माझ्या पोरीची तीट पुसून बघत बसते. असल्या बाईची नजर घर खाते."

आईने माझ्या मांडीवर चापट मारली. "हळू बोल गो. आत हाय ना ती?"

आणि आत तुझी मशीन थांबली.

फार वेळ नाही. मी श्वास घेऊन सोडेपर्यंत, कदाचित थोडं जास्त. मग पुन्हा चालू झाली. तेवढ्या थांबण्यावर मी दोन वर्षं काढली आहेत, वनिता. मशीन थांबायला शंभर कारणं असतात. दोरा तुटतो, बॉबिन संपते, कोपरा आला की मशीनचा पाय उचलून कापड वळवावं लागतं. मी स्वतः शिवते, मला हे सगळं माहीत आहे. आणि मला हेही माहीत आहे की बॉबिन भरायला याहून जास्त वेळ लागतो, आणि कोपरा वळवायला एवढा लागत नाही.

मी आत आले तेव्हा तू मान वर न करता म्हणालीस, "ताई, आईंना च्या टाकू?" आवाजात काही सापडतं का म्हणून मी कान टवकारले. काही सापडलं नाही.

आठ-दहा दिवसांनी माल जायचा होता म्हणून मी गौरीला पुन्हा फोटोला पाठवलं. तेव्हापासून तू तिचा चेहरा काढला नाहीस. कधी पाठमोरी बसवून, कधी तोंडावर गोधडी ओढून, कधी समोर केवढा मोठा आकाशकंदील धरायला देऊन. समोरच्या घरातल्या पोरांचे चेहरे तुझ्या फोटोंत होते, माझ्याच पोरीचा नव्हता. एकदा मी न राहवून विचारलं.

"गौरीचं तोंड का नाय काढत?"

"कपडा दिसला पायजे, ताई. दुकानदार म्हणतो."

आता कबूल करते. तुझ्या फोनच्या कुलपाचा नमुना मला पाठ होता. तुझ्या बोटाकडे बघून बघून झाला होता. तू आंघोळीला गेलीस तेव्हा मी फोन उघडला आणि दुकानदाराचे निरोप वाचले. त्याने उलट लिहिलं होतं, ती छोटी मुलगी हसरी आहे, तिचा चेहरा येऊ द्या, माल चांगला जातो. म्हणजे तू मला खोटं सांगितलंस. मी फोन होता तसा ठेवला आणि भाकऱ्या थापायला बसले, आणि हात भाजेपर्यंत विचार करत राहिले. खोटं कशासाठी? तू ऐकलं होतंस म्हणून? की ऐकलंच नव्हतंस, आणि दुसरंच काहीतरी होतं? विचारायचं कसं? "मी बोलले ते तू ऐकलंस का" असं विचारायचं, तर काय बोलले ते आधी सांगावं लागतं.

म्हणून मी विचारलं नाही आणि नुसती बघत राहिले. तू मला जेवायला वाढताना आमटी डावाने नीट ढवळतेस का, माझ्या आईचं नाव निघालं की गप्प होतेस का, गौरी "काकी" म्हणत गळ्यात पडली की आधी माझ्याकडे बघतेस का. हे शेवटचं मात्र तू करायचीस. गौरी धावत आली की तुझे डोळे पहिले माझ्याकडे यायचे, आणि मगच तू तिला उचलायचीस.

तुझ्या आजारपणात मी दवाखान्यात तुझ्याजवळ चार दिवस बसले. तेव्हा विचारता आलं असतं. भावजी औषधं आणायला खाली गेले होते, खोलीत आपण दोघीच होतो. तू म्हणालीस, "ताई, लाल कापडाचे गळे तसेच पडलेत. पट्टी लावायची राह्यली." मी म्हणाले, "पडू दे, घरी आल्यावर लाव." तू माझ्याकडे बघत होतीस. मीही बघत होते. माझ्या तोंडाशी आलं होतं, आणि मी तुझी चादर सारखी केली.

आता मागच्या आठवड्यातलं सांगते.

दुकानदाराचा निरोप आला, दिवाळीचे फोटो कधी पाठवता? भावजींनी तुझा फोन माझ्या मशीनवर आणून ठेवला आणि म्हणाले, "वैनी, तुमीच काढा आता. मला नाय जमायचं." मी निळी साडी अंथरली. उशीचा कापूस तुझ्यासारखा पसरेना, ढग कमी आणि रुईचे गोळे जास्त दिसत होते. गौरी आता सहा वर्षांची झाली आहे, तीच मला शिकवत होती, "काकी असं नाय करायची, शिडीवर चढ." मी तिला सूट घातला, सवयीने गालावर तीट लावली, शिडीवर चढले, आणि फोटो काढला.

काढण्याआधी काचेवर मला तीट दिसत होती. काढलेला फोटो उघडला तर गाल कोरा. मी पुन्हा काढला. पुन्हा कोरा. बोटभर काजळ घेऊन केवढी तरी मोठी तीट लावली, तर तिचा नुसता धुरकट डाग उरला. गौरी खालून विचारत होती, "आई, झाला का?"

भावजी ओटीवर बसले होते. मी फोन त्यांच्यापुढे धरला.

"त्यात ती ब्युटी चालू हाय, वैनी," ते म्हणाले. "तोंडावर डाग दिसला का आपोआप पुसतो. वनीनं तुमाला तवाच सांगितलेलं ना?"

"सांगितलं. मी मानलं नाय."

मग मी खाली बसले आणि जे तुला विचारायला हवं होतं ते त्यांना विचारलं. "भावजी, माझी आई आलेली तवा मी वनीबद्दल जे बोलले, ते तिला ऐकायला गेलं होतं का?"

ते फोनकडेच बघत होते. "ऐकलं होतं तिनं," ते म्हणाले. "मला सांगितलं त्याच दिवशी. मी तुमच्याशी भांडायला निघालो होतो, खरं सांगतो. तिनं हाताला धरून बसवला. म्हणाली, ताईला कळलं ना का मी ऐकलंय, तर ती लाजंनं माझ्याशी बोलायची नाय. आनि गौरीलापन पाठवायची नाय. आपून ऐकलंच नाय."

"आनि गौरीचं तोंड का नाय काढायची?"

"तोंड नाय काढलं तर ताईला भ्या वाटनार नाय, म्हणायची."

तुला माझा स्वभाव माहीत आहे. मी यावरही संशय घेतला. मला बरं वाटावं म्हणून भावजी बोलले असतील का, असा विचार करत मी दोन दिवस घरात फिरले. पण कोणाला बरं वाटावं म्हणून माणूस "तिने ऐकलं नव्हतं" असं सांगेल. "ऐकलं होतं" असं सांगून कोणी कोणाचं समाधान करत नाही. म्हणजे हे खरं आहे.

म्हणजे तू दोन वर्षं माझ्या समोर बसून काजं-बटणं केलीस, माझ्या आईला चहा दिलास, मी उसवलेली दुमड पुन्हा शिवलीस, आणि तुला सगळं माहीत होतं. मी तुझ्यावर पाळत ठेवून होते आणि तू मला सांभाळून घेत होतीस. गौरीला उचलण्याआधी तू माझ्याकडे बघायचीस, ते चोरून काही करते म्हणून नव्हे, परवानगी मागायला. माझ्याच घरात, माझ्याच पोरीला उचलायला, मी जिला असलं बोलले ती बाई रोज माझी परवानगी मागत होती.

माझं चुकलं, वनिता. असं सांगायला मला तुझं मरण लागलं, हेही चुकलं.

पण तुझंही एक चुकलं, ते बोलल्याशिवाय मला राहवत नाही. त्या दिवशी मशीन थांबवलीस तर पुन्हा चालू करायची नव्हती. उठून ओटीवर यायचं होतं, आईसमोर माझ्या झिंज्या धरायच्या होत्या, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं ओरडायचं होतं. मी ऐकून घेतलं असतं, असं आता म्हणणं सोपं आहे, आणि माझ्या या म्हणण्यावर माझाच विश्वास नाही. मीही ओरडले असते. महिनाभर बोलले नसते. पण कधीतरी बोलले असते गो. आपल्याकडे दोन वर्षं होती.